तिसरं समीकरण

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय.

महाडच्या एका शाळेत मी दहावीला गणित शिकवते. आणि मी संशयी आहे. पेपर तपासताना आधी उत्तर बघत नाही, शेजारी कोण बसलं होतं ते आठवते. एखादं पोर छताकडे बघून विचार करत असलं तरी मला वाटतं, तिथे काय लिहून ठेवलंय? हसाल तुम्ही — पण मला त्याचा अभिमान होता.

शिवथरची मनाली एसटीने यायची. चाचणीत तिची सगळी वर्गसमीकरणं बरोबर, पण पायऱ्या कुठेच नाहीत. नुसती उत्तरं. पायऱ्यांशिवाय उत्तर येतं कुठून? गाईडमधून — दुसरं कुठून? ती म्हणाली, तोंडी केलं. मी मात्र स्टाफरूममध्ये आधीच सांगून बसले होते की पोरीने कॉपी केलीय.

मग तिला फळ्यापाशी बोलावलं. एक समीकरण दिलं, तिने झटक्यात सोडवलं. दुसरंही. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आणि मला — कसं सांगू? — भीती वाटली. मी तिसरं लिहिलं: x² + 2x + 5 = 0.

ती थांबली. ओठ हलत होते. मग हळूच म्हणाली, "बाई, हे सुटत नाय. x काय पण घ्या, चारच्या खाली येतच नाय. मग शून्य कसं होनार?"

"सुटत नाही, की तुला येत नाही?"

वर्ग खो खो हसला. तिने खडू ठेवला, हात ओढणीला पुसले.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. "बाई, पोरगी खोटी नाय हो माजी. सायन्सला जायचं म्हनते ती." मी शांतपणे सांगितलं, सगळ्या वर्गाने पाहिलंय. ती मान खाली घालून गेली. मनालीने पुढे सायन्सचा अर्ज भरलाच नाही.

त्या समीकरणाला वास्तव मुळं नाहीत. ते सुटतच नाही. तो भाग मी वर्गात अजून शिकवला नव्हता — आणि हे सगळं मला लिहितानाच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. याला चूक म्हणतात का?

दरवर्षी तो भाग आला की मी तेच समीकरण फळ्यावर घालते. कुणीतरी हात वर करून म्हणतं, "बाई, हे सुटत नाय."

मी म्हणते, शाब्बास.