काकांचं फडकं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते गडब गावच्या भातगिरणीवाल्या काकांचे. काका सगळं गाळून घेत. पाणी, डिझेल, चहासुद्धा, गाळलेला दिला तरी.

रोह्याच्या कंपनीत आम्ही इंजिनची झीज कमी व्हावी म्हणून तेलात अतिसूक्ष्म पावडर मिसळत होतो. ते तेल बाहेर कुणाच्या इंजिनात चालवून दाखवलं, तरच माझी नोकरी कायम होणार होती. भाताच्या हंगामात इंजिन कोण देणार?

काका म्हणाले, "आण. पन गाळून घेनार."

त्यांनी ते काळं तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उजेडात धरलं.

"कचरा नाय. मग काळं कशानं?"

"पावडर हाय, काका."

"फडक्यावर कुठं हाय?"

"फडक्यातनं जाते. तेवढी बारीक हाय."

"म्हंजे माझं फडकं खोटं?"

त्यांनी आणखी दोनदा गाळलं आणि मग गिरणीच्या इंजिनात ओतलं. हंगाम संपल्यावर मी विचारायला गेलो.

"बंद नाय पडलं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप काकांस सा. नमस्कार. तुमच्यामुळे माझी नोकरी कायम झाली. सोबत तेलाचा नवा डबा पाठवत आहे. तेल इथे तीनदा गाळलं आहे. तरी तुम्ही गाळालच, म्हणून डब्यासोबत नवं फडकं ठेवलं आहे."