मान खोटं बोलते

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. मी नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुरावा नसलेल्या गोष्टी कादंबरीच्या कपाटात ठेवायच्या, अशी माझी सवय. ही गोष्ट कुठल्या कपाटात ठेवावी ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी आई फिजिओथेरपिस्ट होती. शहराच्या महाल भागात एका औषधाच्या दुकानावर तिची छोटी खोली होती. शाळा सुटली की मी तिथेच कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. खांद्याचा पेशंट आला की आई त्याला स्टुलावर बसवायची, हात बाजूने वर उचलायला सांगायची आणि किती उचलला ते कोनमापकाने मोजायची. दुखऱ्या खांद्याची माणसं नकळत एक लबाडी करतात... हात जात नाही, मग खांदा कानाशी नेतात, मान वाकवतात, आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. आई लगेच मागे उभी राहून खांद्यावर पंजा ठेवायची. अंगठा मागे, पाठीच्या फऱ्यावर. बोटं पुढे, गळ्याच्या हाडावर. "काका, मान खोटं बोलून राहिली तुमची. हाताले बोलू द्या." खांदा दाबला की हात खरा कुठवर जातो ते कळायचं.

तिच्या उजव्या हाताची करंगळी शटरमध्ये सापडून कायमची ताठ झाली होती. त्यामुळे तिचा पंजा तीन बोटांनीच टेकायचा, करंगळी हवेत.

आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर घर मला नकोसं झालं. दिवसभर लायब्ररीत असलं की बरं वाटायचं. अशात मी जिन्यावरून घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. एक्स-रेत हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं, आणि कामावर जाण्याआधी फिजिओकडून खांदा तपासून चिठ्ठी आणा म्हणाले.

मला ती चिठ्ठी हवी होती, बाकी काही नको होतं. त्या रिकाम्या घरात आणखी एक आठवडा काढणं मला शक्य नव्हतं.

क्लिनिक प्रतापनगरला. सकाळचे अकरा, खिडकीतून लख्ख ऊन. मृणाल नावाची मुलगी, मूळची भिवापूरची, नुकतीच शिकून आलेली. तिने माझ्या आईचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिने मला स्टुलावर बसवलं. पाठीमागे वीतभर अंतरावर भिंत. हात उचला म्हणाली. आणि मी — लहानपणापासून जी लबाडी बघत आले होते तीच, पण जाणूनबुजून केली. खांदा कानाशी नेला, अंग थोडं डावीकडे झुकवलं. मृणालने कोन वाचला आणि खांदा बराच मोकळा झालाय म्हणाली. फक्त खात्रीसाठी पुन्हा एकदा उचलायला सांगितलं.

मी उचलला... आणि खांद्यावर पंजा टेकला.

अंगठा मागे. तीन बोटं पुढे. दाब जोराचा नव्हता, पण हलू देणारा नव्हता. मृणाल माझ्यासमोर होती, एका हातात कोनमापक, दुसऱ्यात पेन. माझा खांदा जागच्या जागी थांबला आणि हात मांडीपासून जेमतेम वीतभर उचलला जाऊन थरथरत खाली आला.

मृणालने माझ्या खांद्यावरच्या ओढणीकडे निरखून पाहिलं. मग तिने हात स्वतः उचलून धरला आणि म्हणाली, "आता मी सोडते मॅडम, तुम्ही रोखून धरा." तिने सोडला. हात धप्पकन पडला. तिने चिठ्ठी लिहिली नाही. एमआरआय करायला लावला.

खांद्यातला एक स्नायू हाडापासून जवळजवळ सुटला होता. सर्जन म्हणाले, तुम्ही असंच कामाला लागला असता आणि चार-सहा महिन्यांनी आला असता तर शिवायला काही उरलं नसतं. ऑपरेशन झालं.

तो भास असावा, असं मी स्वतःला समजावलं. मनात अपराधीपणा होता, आईची आठवण होती; शरीर काहीही रचतं. ते मला पटलंही होतं.

पाच महिन्यांनी शेवटच्या तपासणीला गेले. मृणाल मागे येऊन उभी राहिली, खांद्यावर पंजा ठेवला आणि म्हणाली, "उचला ताई." तिची करंगळी वर होती. मी विचारलं, असं धरायला कुठे शिकलीस?

ती जरा घुटमळली. "हसू नका. त्या दिवशी तुमची ओढणी खांद्यावर दबली होती... कोणी धरल्यावाणी. तीन बोटांचे खड्डे मी माझ्या डोळ्यानं पाहिले. चौथ्याचा नव्हता. मले वाटलं, धरायची हीच पद्धत असंल. तेव्हापासून असंच धरते मी."

मी तिला आईच्या करंगळीबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

याचा अर्थ मला लावता येत नाही, आणि आता लावायची घाईही नाही. आईचा फोटो मामाने जरा उंचावरच लावला आहे. मी तो रोज सकाळी पुसते, उजव्या हाताने. मान सरळ ठेवून.