बोटभर अलीकडे

कुरामोची तादाहारु यांना हरण्याचा पगार मिळत असे. कार्डावर 'उपप्रमुख, विक्री विभाग' असं छापलेलं होतं आणि विकायचे ते पंपाचे वायसर. पण वायसर सगळ्याच कंपन्यांचे गोल असतात. ते आपल्याकडूनच घेतले जावेत असं वाटत असेल, तर रविवारी गिऱ्हाइकाला गोल्फ खेळायला न्यावं लागतं, आणि तिथे गिऱ्हाइकाने जिंकावं लागतं. हे काम कुरामोची एकोणीस वर्षं इमानेइतबारे करत होते.

हरणं सोपं आहे असं कुणाला वाटेल. तळ्यात चेंडू घालवून कोणीही हरेल, पण त्यात गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटत नाही. कुरामोचींचं हरणं घोटून तयार केलेलं होतं. शेवटच्या होलपर्यंत बरोबरीने यायचं आणि शेवटचा चेंडू होलच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. मग दातांतून 'स्स्स' करून हवा ओढायची, कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचं, "छे! साहेबांपुढे हात कापतो बघा." साहेबांनी काठी फिरवली रे फिरवली की चेंडू कुठे गेला हे न बघताच "नाइश्शो!" अशी, म्हणजे 'नाइस शॉट'ची, आरोळी ठोकायची. त्यांचा चेंडू होलपासून चांगला दोन पावलं लांब असला, तरी "ओके, ओके!" म्हणून तो गेलाच असं धरायचं. एकदा बायकोच्या, साचिएच्या हातून भाताचं भांडं निसटलं तेव्हाही ह्यांच्या तोंडून "नाइश्शो!" निघालं. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

पंचाईत केली ती त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने, चिनात्सुने. शाळेत 'माझ्या वडिलांचं काम' या विषयावर बोलायचं होतं. तिने कपाटावरची सात बक्षिसं खाली काढली. सातही शेवटून दुसऱ्या आलेल्याला देतात ती होती.

"बाबा, खरं सांग. तुला गोल्फ येतं का?"

"येतं की."

"मग दर वेळी हरतोस कसा?"

"ते… काम असतं."

"हरायचं काम?"

"द्या आता उत्तर," साचिए सूप ढवळता ढवळता म्हणाली. तिला एकोणीस वर्षांत ते मिळालं नव्हतं.

शेवटी करंगळीत करंगळी अडकवून वचन दिलं गेलं. येत्या रविवारी सगळ्यांनी जायचं आणि बाबा खराखुरा खेळणार. तो शेवटपर्यंत चांगला खेळला तर शाळेत सांगायचं की माझे बाबा गोल्फ खेळतात. नाहीतर वायसर विकतात एवढंच सांगायचं.

तोने नदीच्या काठावर नऊ होलचं छोटं मैदान आहे. पोराबाळांना तिथे कोणी हटकत नाही. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. चिनात्सुच्या चार वर्षांच्या भावाने, दाइगोने, आल्या आल्या वाळूच्या खड्ड्यात ठाण मांडलं आणि तिथून पुढे त्याला प्रत्येक खड्ड्यातून उपसून काढणं हा साचिएचा खेळ झाला. आणि कुरामोची? कुरामोची खेळले! चेंडू उंच उडून झेंड्यापाशी उतरायला लागले. आपल्याला एवढं येतं, हे त्यांनाच नव्याने कळत होतं. चिनात्सु दर फटक्याला टाळ्या पिटत होती. सहाव्या होलनंतर बांधावर बसून भाताचे गोळे खाताना त्यांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं घालवली. असं त्यांना खरोखर वाटलं.

तेवढ्यात मागून हाक आली, "काय हो कुरामोची! तुम्ही इथे?"

त्सुनाशिमासाहेब! पंप कारखान्याचे मालक, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बरोबर नातू शुन्पेई, डोक्यावर नवी कोरी टोपी, हातांत मोजे, सगळा सरंजाम. कुरामोची तोंडातल्या घासासकट कमरेत वाकले.

"चला, एकत्रच खेळू. माझा शुन्पेई तुमच्या पोरीला हरवतो की नाही बघा," साहेब हसत म्हणाले.

सातव्या होलवर कुरामोचींचा चेंडू झाडीत गेला. आठव्यावर वाळूत गेला, आणि दाइगो आनंदाने त्यावर बसला. साहेबांच्या प्रत्येक फटक्याला आरोळी सुरू झाली.

"बाबा, करंगळी," चिनात्सु दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, शेवटचा होल आहे ना अजून," ते म्हणाले.

नवव्या होलवर पोरांची बरोबरी होती. शुन्पेईचा चेंडू होलपासून पुरे दोन पावलं लांब थांबला. कुरामोचींचं तोंड आपोआप उघडलं, "ओके, ओके! गेला!"

चिनात्सुचा चेंडू होलपासून वीतभर होता. तिने बाबाकडे पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं.

"तू… तू मारूनच घे हं," कुरामोची म्हणाले.

चिनात्सुने काठी धरली आणि अलगद टोला दिला. चेंडू होलच्या बोटभर अलीकडे थांबला. तिने दातांतून 'स्स्स' करून हवा ओढली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "छे! शुन्पेईपुढे हात कापतो बघा."

साहेब खदखदून हसले. "वा! पोरगी गोड आहे हो तुमची!"

कुरामोचींना मात्र कोणीतरी भर मैदानात कपडे उतरवल्यासारखं झालं. हवा ओढणं, हात मारणं, सगळं जसंच्या तसं होतं, आणि ते शिकवायला त्यांना एक शब्दही बोलावा लागला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

त्यांचा स्वतःचा चेंडू अजून राहिला होता. तीन पावलांवरून मारायचा. सवयीने त्यांनी इथवर बरोबरी राखलीच होती; गेला तर साहेब एका फटक्याने हरणार. जाऊ दे, त्यांनी ठरवलं, वायसर गेले खड्ड्यात. ते खाली वाकले, दोनदा अंदाज घेतला आणि जीव ओतून टोला मारला. चेंडू सरळ निघाला, सुतासारखा सरळ, आणि होलच्या बोटभर अलीकडे थांबला.

एकोणीस वर्षं हातांना एवढंच शिकवलं होतं.

"कुरामोची, तुम्ही काही सुधारायचे नाही!" साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि नातवाला घेऊन आइस्क्रीमकडे निघाले.

कुरामोची तिथेच गुडघ्यावर बसले. "चिनात्सु, ह्या वेळी मी खरंच होलमध्ये घालायला मारला होता. शपथ."

चिनात्सुने आधी साहेब लांब गेले का ते पाहिलं. मग बाबाच्या कानाशी येऊन समजूतदारपणे म्हणाली, "कळलं, बाबा. नंतर असं म्हणायचं असतं ना?"