साहेब जेवत नाहीत

माशांच्या खाण्याच्या दुकानात किती किस्से साठतात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी दुकानात आणखी एक बाक टाकला असता!

वारज्यात माझं छोटं ॲक्वेरियमचं दुकान आहे. मासे आहेत, टाक्या आहेत, पण खरी विक्री खाण्याची. त्यातही फ्रीझ-ड्राइड वर्म्सची. म्हणजे गोठवून सुकवलेले बारीक किडे, चौकोनी वड्यांमध्ये दाबलेले. वडी काचेला आतून चिकटवली की मासे गोळा होऊन तिला टोचे मारत बसतात. बघायला मजा येते. पाच मिनिटांचा सिनेमा!

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला कळली आहे. ज्याच्या घरी बोलायला माणूस आहे, तो पाकीट घेतो आणि जातो. ज्याच्या घरी नाही, तो पाकिटावरचं सगळं वाचत उभा राहतो.

*

केळकर काकू पहिल्यांदा आल्या त्या नाकाला पदर लावूनच. नातू शिकायला जर्मनीला गेला होता आणि जाताना आपला फायटर मासा आजीकडे ठेवून गेला होता.

"शाकाहारी काही आहे का?"

"काकू, तो किडे खाणारा मासा आहे."

"आमच्याकडे नाही चालत."

मी मटार उकडून, साल काढून द्यायला सांगितलं. माशाने मटाराकडे बघितलंसुद्धा नाही. आठवड्याने काकू परत आल्या, वर्म्सचं पाकीट घेतलं, वेगळा डबा, वेगळा चमचा. "गॅलरीत ठेवीन. घरात नाही आणायचं."

नातू व्हिडिओ कॉल करतो. काकू सांगत होत्या, "आधी मासा बघतो. मग मी माशाच्या मागून डोकं काढते. तेव्हा मग 'कशी आहेस आजी' म्हणतो."

एका एकादशीला मी गमतीनं विचारलं, "काय काकू, आज त्यालाही उपास?"

"छे! त्याने कशाला करायचा? त्याला कुठे कोणी परत यायची वाट बघायची आहे?"

*

देशमुख काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांचा विकतच्या खाण्यावर विश्वास नव्हता. "नैसर्गिक हवं, गायकवाड! ताजं हवं!"

त्यांनी गच्चीत बादल्या भरून ठेवल्या. त्यात डासांच्या अळ्या धरल्या. गाळणीने गाळून रोज गप्पी माशांना ताजा नाश्ता. गप्पी खूश, काका खूश, सोसायटी सोडून सगळे खूश.

शेवटी डेंग्यूच्या तपासणीवाले आले. त्यांनी बादल्या बघितल्या आणि डोक्याला हात लावला.

काका ऐकेनात. "हे डास नाहीत! हे जेवण आहे!"

तपासणीवाली बाई शांतपणे म्हणाली, "काका, तुमचं जेवण उडून शेजारी जातंय."

बादल्या रिकाम्या झाल्या. काका माझ्याकडे सुक्या अळ्या घ्यायला यायला लागले. महिन्याभराने मी विचारलं, "आता बरं आहे ना? कटकट गेली."

काका पाकीट उलटसुलट करत म्हणाले, "गेली हो. पण त्या निमित्ताने बेल तरी वाजायची."

*

हडपसरहून एक आयटीतला मुलगा येतो. मुलगा म्हणजे तिशीचा, एकटा राहणारा. स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून बाइक काढत वारज्यापर्यंत. एकदा त्याने विचारलं, "काका, हे वर्म्स पाण्यात टाकले की परत जिवंत होतात का?"

"नाही रे बाबा. फुगतात फक्त. म्हणून आधी भिजवायचे आणि मग घालायचे. नाहीतर माशाच्या पोटात जाऊन फुगतील."

"ओके. सेम आमच्या टीमसारखं. वीकएंडला पाण्यात टाका, मंडेला फुगून येतात."

मी हसलो आणि म्हणालो, "अरे, हडपसरला दुकानं नाहीत का? एवढ्या लांब कशाला येतोस?"

"आहेत की. पण तिकडचा माणूस बोलतच नाही. डायरेक्ट क्यूआर पुढे करतो."

*

एक नवराबायको आहेत, नाव सांगत नाही, दोघंही माझी गिऱ्हाइकं. त्यांचा गोल्डफिश फुगून टम्म झाला आणि उलटा तरंगायला लागला. फोटो बघूनच मला कळलं. कोरडे वर्म्स, तेही भरपूर.

दोघंही दुकानात उभे होते, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. मी विचारलं, "खायला कोण घालतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मी," गृहस्थ म्हणाले.

सकाळी ते घालत, मग त्याच सकाळी त्या घालत. संध्याकाळी तेच. दोघांचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं!

मी सांगितलं, दोन दिवस काही घालू नका, मग उकडलेला मटार द्या. मासा सरळ झाला. पण त्यानंतर रोज सकाळी मला बाईंचा फोन यायला लागला.

"त्यांना सांगा, आज मी घातलंय."

मागून गृहस्थांचा खोकला ऐकू येत होता. मी म्हणालो, "अहो वहिनी, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत!"

"हो. पण तुम्ही सांगा."

मग मी फोन स्पीकरवर टाकायला लावतो आणि सांगतो. मासा उत्तम आहे.

*

काळे सरांच्या मुलीने मेलबर्नहून एक यंत्र पाठवलं. वेळ लावून ठेवली की आपोआप खाणं पडतं. सर ते खोक्यासकट माझ्याकडे घेऊन आले. "विकून टाका."

"का हो सर? चांगलं आहे की. फिल्टरही तुम्ही ऑटोमॅटिकच घेतलाय."

"म्हणूनच. पाणी फिल्टर साफ करणार, दिवा टायमर लावणार, खायला हे घालणार. मी काय करू? पोहू?"

*

भालेराव मॅडम सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या. वारज्यातच फ्लॅट, एकट्या राहतात. त्यांच्याकडे एक ऑस्कर मासा आहे. ऑस्कर म्हणजे तळहाताहून मोठा, काळ्या अंगावर नारिंगी डाग, आणि डोळे असे की तो तुमची फाइल बघतोय असं वाटावं. मॅडमनी त्याचं नाव ठेवलंय साहेब.

"आयुष्यभर साहेबांची मर्जी राखली, गायकवाड. हा शेवटचा."

गेल्या वर्षी मॅडम बसमधून उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून त्यांचा मला फोन आला. दुखण्याबद्दल अर्धं वाक्य, बाकी सगळं साहेबांबद्दल. किल्ली घ्यायला मी हॉस्पिटलात गेलो.

दाराशी सिस्टरने अडवलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

मी गडबडलो. "मी... मासेवाला."

"इथे बाहेरचं मटण-मासे चालत नाही!"

आतून मॅडम हसल्याचा आवाज आला आणि लगेच कळ आल्याचा. मग सिस्टरने सोडलं.

संध्याकाळी दुकान जरा लवकर बंद करून मी मॅडमच्या फ्लॅटवर गेलो. नीटनेटकं घर. भिंतीजवळ बुद्धांची छोटी मूर्ती, समोर साहेबांची टाकी, टाकीपुढे एक स्टूल. मी वर्म्स भिजवून घातले. साहेब कोपऱ्यात फिल्टरमागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सुकी कोळंबी. नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः माती उकरून गांडुळं आणली. साहेबांनी ढुंकून बघितलं नाही.

मॅडमचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं. मी भेटायला गेलो तर पहिलाच प्रश्न, "खाल्लं का त्याने?"

"नाही, मॅडम."

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही बोललात का त्याच्याशी?"

"मी? काय बोलायचं?"

"दिवसभरात काय झालं ते." मॅडम जरा लाजल्या. "मी रोज सांगते. आणि उभ्याने नाही हं. स्टुलावर बसून."

त्या संध्याकाळी मी स्टुलावर बसलो. खाकरलो. म्हणालो, "आज दुकान उघडलं. मग बंद केलं."

पुढे काही सुचेना. माझा अख्खा दिवस दोन वाक्यांत संपला होता! साहेबांनीही तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तयारीने गेलो. केळकर काकूंचं सांगितलं, देशमुख काकांच्या बादल्यांचं सांगितलं. साहेब फिल्टरमागून बाहेर आले. टाकीच्या मध्यावर येऊन थांबले. मीही जरा रंगवून सांगितलं, त्या तपासणीवाल्या बाईचा आवाजसुद्धा काढला. पण साहेबांनी खाल्लं नाही.

मॅडमचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण शुद्धीवर आल्यापासून त्या काही खात नव्हत्या. सिस्टर म्हणाली, "सारखं विचारतात, साहेब जेवले का? कोण साहेब हो? त्यांचे मिस्टर?"

मी थेट फ्लॅटवर गेलो. स्टुलावर बसलो. दुकानातलं सगळं सांगून झालं होतं. बोटांत भिजवलेली वर्म्सची वडी धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग मी दुसरंच काहीतरी सांगायला लागलो. ते इथे सांगत नाही.

सांगून झालं तेव्हा हात पाण्यात होता आणि बोटांत वडी नव्हती.

मी खाली उतरून मॅडमना फोन लावला. "जेवले."

पलीकडे मॅडम कोणाला तरी म्हणाल्या, "सिस्टर, ती पेज आणा बघू."

मॅडम वॉकर घेऊन घरी येईपर्यंत मी रोज जात होतो. आल्या त्या दिवशी किल्ली दिली, त्यांनी चहा दिला, विषय संपला.

नंतर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"गायकवाड, तुम्ही काय सांगत होतात हो त्याला?"

"का? काय झालं?"

"माझ्या हातचं खात नाही. संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून थांबतो."

"काही विशेष नाही हो, मॅडम. दुकानातलंच."

"दुकानातलं?"

"हो."

मागे फिल्टरच्या पाण्याचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग या तुम्ही. मी स्वयंपाकघरात बसते. दार लावून घेते."