रजिस्टरमध्ये माझं नाव नव्हतं

"ताई, तुमचं नाव परवान्याच्या रजिस्टरमध्ये सापडत नाहीये," स्नेहल व्हिडिओ कॉलवर म्हणाली. शेजारी तिचा नवरा निखिल मान खाली घालून बसला होता. शंका त्याची होती, विचारायला तिला लावलं होतं.

लॉकडाऊनचे दिवस होते. मी इथे परदेशात, फोरबर्गला घरूनच मॉर्गेज अ‍ॅडव्हायझर म्हणून काम करत होते, म्हणजे लोकांना गृहकर्ज मिळवून द्यायचं. ही दोघं माझे क्लायंट, बाडहूव्हडॉर्प गावात भाड्याने राहायची. त्यांनी घराच्या करारावर सह्या केल्या होत्या. मुदतीत कर्ज मंजूर झालं नाही, तर घर हातचं जाणार होतं.

"स्पेलिंग बघ," मी म्हणाले. माझ्या आडनावाचं इथे काहीही होतं.

"सगळं करून बघितलं, ताई."

मग मला वाटलं, हिचा घोळ कळला. इथे परवाना माणसाला नाही, फर्मला मिळतो. माझ्यासारखे एकटे काम करणारे बरेचदा एखाद्या मोठ्या कंपनीच्या परवान्याखाली काम करतात. तिला आम्ही अम्ब्रेला म्हणतो. सरकारी नियामकाच्या वेबसाइटवरच्या रजिस्टरमध्ये त्या कंपनीखाली आमच्या छोट्या फर्म्सची नावं दिसतात. मी स्क्रीन शेअर केली, कंपनीचं पान उघडलं आणि खाली जात राहिले. माझी फर्म नव्हती. पुन्हा वरून बघितलं. नव्हतीच.

"चौकशी करून सांगते," एवढंच बोलून मी कॉल बंद केला.

अम्ब्रेला कंपनीतला पीटर म्हणाला, "आमच्या सिस्टीममध्ये तू आहेस." नियामकाच्या हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे नाही. कंपनीला विचारा." पुन्हा पीटरला फोन. त्याच्या घरात मूल रडत होतं.

"मग आज मी सल्ला देऊ शकते का?"

मुलाला शांत करत तो म्हणाला, "थिअरेटिकली, हो."

याचा अर्थ मला कळेना. वेबसाइट चुकत होती, की मी खरंच परवान्याशिवाय काम करत होते? आणि कधीपासून? डोकं चालेनासं झालं. शेवटी मी स्नेहलला फोन लावला.

"तुमची फाइल दुसऱ्या अ‍ॅडव्हायझरकडे द्या. मी एक नाव सुचवते. तेही रजिस्टरमध्ये बघून घ्या."

"ताई, तुम्ही फसवणाऱ्यातल्या नाही, हे माहितीये आम्हाला."

"ते ठीक आहे गं. पण माझ्याकडे परवाना आहे का, हे आज मलाच सांगता येत नाहीये."

पुढे उलगडा झाला. अम्ब्रेला कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. आमची नावं नव्या परवान्याखाली हलवायची होती. सगळे घरून काम करत होते. यादी दुसऱ्याने पाठवली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. माझ्यासारखे बरेच जण राहून गेले. नाव परत दिसेपर्यंत मी नवं काम घेतलं नाही.

स्नेहल-निखिलला घर मिळालं, दुसऱ्या अ‍ॅडव्हायझरकडून. निखिलने मेसेज करून माफी मागितली. विचारलंत ते बरं केलंत, असं मी कळवलं.

आता नवा क्लायंट आला की पहिल्याच कॉलवर सांगते, आधी मला रजिस्टरमध्ये शोधा. सापडले तर पुढचं बोलू.