कोंबडा मेला

भांडुपच्या प्रेमाबाई धुरी अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटी भरायच्या, आणि हे सांगायला त्या कधी विसरायच्या नाहीत. आठवडाभर शाळेत कारकुनी. रविवारी दारंखिडक्या बंद, पंखा बंद, पलंगावर टेपरेकॉर्डर आणि बाई घामाघूम. वाचायच्या त्या इतिहास-विज्ञानातल्या खऱ्या गोष्टी, ऐकणाऱ्याला खोट्या वाटाव्यात अशा. "माझ्या कॅसेटीत एक शब्द इकडचा तिकडे नसतो," हे वाक्य अख्ख्या चाळीला पाठ होतं.

पंच्याऐंशी सालच्या एका रविवारी फुग्याची गोष्ट चालली होती. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये राजासमोर गरम हवेचा फुगा उडवला, पण त्यात माणूस नव्हता. एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. एवढ्या वर जीव जगतो का ते बघायचं होतं. फुगा खाली आला तर कोंबड्याचा पंख दुखावलेला. तिथे पान संपलं, आणि तेवढ्यात शेजारच्या वनमालाने भिंतीवर टकटक केलं. टीव्हीवर पिक्चर सुरू झाल्याची ती खूण. कॅसेट तर दुसऱ्या दिवशी द्यायची होती. बाईंनी पान उलटलंच नाही. "वरच्या हवेने कोंबडा मेला," असं ठोकून दिलं, बटण दाबलं आणि पळाल्या. पिक्चर आधी दोनदा बघितलेला होता, हे विशेष.

महिन्याभराने गुणाजी परब दारात उभा. घाटकोपरच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून अंध. बाईंच्या कॅसेटी ऐकून तो जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सांगायचा आणि सगळे डबे घेऊन त्याच्याभोवती बसायचे. एरवी त्याला हाताला धरून बसवणारी माणसं ती.

"प्रेमाताई, कोंबड्यावरून माझी वाट लागली," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या रत्नप्रभाबाईंच्या मुलाच्या पुस्तकात कोंबडा जिवंत आहे. म्हणाल्या, यांना कोणी काहीही ऐकवतं आणि हे खरं मानतात. सगळे हसले हो. उद्या मला काय ते सांगायचंय."

बाईंना तो रविवार आठवला. आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण तोंडातून निघालं, "माझ्या पुस्तकात तसंच आहे."

"मग वाचून दाखवता का ताई परत?"

नाही म्हणायला तोंड कुठे होतं. पुस्तक काढलं. पंखापर्यंत वाचलं आणि पान उलटलं. ते चांगलं करकरून वाजलं. पुढे छापलेलं होतं की कोंबडा जिवंतच होता. उडण्याआधीच मेंढीने त्याला लाथ मारली होती आणि ते बघणारे साक्षीदारही होते. हवेचा काही दोष नव्हता. बाईंचा आवाज इतका बारीक झाला की शेवटची ओळ त्यांना स्वतःलाच ऐकू आली नाही.

गुणाजी हसला नाही, रागावलाही नाही. "हेच वाजलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमचं पान दर दोन मिनिटांनी वाजतं, मला सवय आहे. त्या दिवशी भिंतीवर टकटक झाली, मग पान वाजलंच नाही आणि कोंबडा मेला. मी ऑफिसात सांगितलं की कॅसेट खराब असेल, आमच्या ताई तशा नाहीत."

बाईंना वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेने कानशिलं तापली. हा आपल्याला बघू शकत नाही याचं क्षणभर त्यांना बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीही शरम वाटली.

"चुकलं माझं गुणाजी. पिक्चरसाठी केलं मी ते," त्या म्हणाल्या.

तो मान हलवत उठला. चप्पल पायाने चाचपून घातली आणि उंबऱ्याशी थांबला.

"ताई, चाळीस कॅसेटी ऐकल्या तुमच्या. सगळ्या लोकांना सांगितल्या. बाकीच्या खऱ्या आहेत ना?"

"हो," बाई म्हणाल्या. होत्याही खऱ्या. पण तो 'हो' थेट 'कोंबडा मेला'च्याच आवाजात निघाला, आणि गुणाजी तो नीट ऐकत उभा होता.