सहाशे मीटर दक्षिणेला

माझी मुलगी नूपुर काय काम करते, हे नातेवाइकांना सांगताना मी नेहमी अडखळायचे. "जंगलाचे नकाशे काढते" म्हटलं की कोणीतरी विचारायचं, "म्हणजे तलाठ्यासारखं?" गेल्या वर्षी एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, माझ्या नणंदेनं, यमुताईंनी, सगळ्यांसमोर तिला गाठलं.

"अवं, वाघ कुठं आहे ते वाघाले माहीत असते. तुले पगार काहून देतात?"

"वाघाला माहीत असतं आत्या, पण तो फॉर्म भरत नाही ना," नूपुर म्हणाली, आणि पंगतीत हशा पिकला.

काम खरंच तसं होतं. वाघ जे सांगत नाही ते कागदावर आणायचं. रामदासपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वनसंशोधनाच्या एका प्रकल्पाचं ऑफिस होतं. तिथे चार वर्षं ती कंत्राटावर होती. दर जूनमध्ये कंत्राट संपायचं आणि नवं मिळायचं. उपग्रहाची चित्रं, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो, वनरक्षकांनी भरून पाठवलेले फॉर्म, हे सगळं एकावर एक ठेवून ती नकाशा तयार करायची. पाणवठा कुठला आटला, बांबू कुठे फुलला, वाघीण पिल्लांना घेऊन कुठल्या नाल्यात बसली. मी भूगोल घेऊनच बी.ए. केलं, पण आमचा भूगोल नद्यांची लांबी पाठ करण्याचा होता. ती लॅपटॉप माझ्यापुढे धरून सांगायची, "आई, हा गडद हिरवा म्हणजे साग नाही, हा मोह." मला सगळं हिरवं सारखंच दिसायचं. तरी मी मान डोलवायचे.

मला काळजी होती ती तिच्या जंगलात जाण्याची. पहिल्यांदा निघाली तेव्हा मीच तिला जरीपटक्याच्या बाजारात नेऊन जाड तळव्यांचे बूट घेऊन दिले. ती जायची ते गाव भिवटोला. कन्हान नदी ओलांडून पुढे दोन तासांवर. तिथले वनरक्षक शालिकराम. वय चोपन्न, शरीर वाळलेलं, चालणं असं की नूपुरला मागून पळावं लागायचं. ती त्यांना काका म्हणायची, ते तिला म्याडम म्हणायचे. ती पोचली का हे विचारायला मी फोन केला आणि तिचा लागला नाही, की मी त्यांना करायचे.

"ताई, तुमची म्याडम हाय इथंच. कम्प्युटरले पाय नाईत, म्हणून माहे पाय वापरून राहिली."

त्या फोनवरच माझी त्यांच्याशी ओळख. माणूस मोकळा होता. जेवण केलं का, हे ते मलाही विचारायचे.

यंदा फेब्रुवारीत भिवटोल्याजवळ एका वाघिणीनं पिल्लं घातली. पुढच्याच महिन्यात मोह पडायला लागतो. मोहाची फुलं पहाटे पडतात, आणि ती वेचायला सगळं गाव उजाडायच्या आधी जंगलात शिरतं. खाली वाकून वेचणाऱ्या माणसाला मागचं काही दिसत नाही. म्हणून ठरलं, की शालिकरामनी जंगलात फिरून वाघिणीच्या जागा फॉर्मवर लिहायच्या, आणि त्यावरून नूपुरनं नकाशा करून गावाला द्यायचा. लाल भागात जाऊ नका, हिरव्या भागात वेचा.

ऐकायला सोपं आहे. पण भिवटोल्यात मोहाची झाडं अशीच कोणाचीही नसतात. जंगल सरकारचं, तरी कुठलं झाड कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नकाशात नाल्याच्या उत्तरेचा भाग लाल आला. तिथे ज्यांची झाडं होती ती अकरा घरं हातावर हात ठेवून बसणार. मग गावानं सभा घेतली आणि ठरवलं, की यंदापुरतं नाल्याच्या दक्षिणेकडच्यांनी आपली काही झाडं या अकरा घरांना द्यायची. असं त्या गावात कधी झालं नव्हतं. नूपुर त्या सभेला गेली होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिचा नकाशा, खाली बायका बसलेल्या, असा फोटो तिनं मला पाठवला. मी तो यमुताईंना पाठवला. मला अभिमान वाटला होता, हे मी लपवणार नाही.

मोह पडायला लागला त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो. शालिकरामचा फोन आला. नूपुरनं नुसतं ऐकलं आणि ताटली बाजूला सरकवली. भिवटोल्याच्या रुखमाबाईंची सून श्वेता, चोवीस वर्षांची, नाल्याच्या दक्षिणेला, हिरव्या भागात, दुसऱ्याच्या झाडाखाली वाघिणीनं मारली. सासू वीस पावलांवर होती. श्वेताला तीन वर्षांचा मुलगा.

रुखमाबाईंचं घर त्या अकरा घरांतलं होतं.

दोन दिवसांत गावात आणि खात्यात एकच बोलणं सुरू झालं. शालिकराम जंगलात गेलाच नाही, घरी बसून आकडे टाकले. नाहीतर वाघीण उत्तरेला दाखवली ती दक्षिणेला कशी निघाली? त्यांना निलंबित केलं. ते भिवटोल्याचेच. ज्या रस्त्यानं रोज सायकल न्यायचे, त्या रस्त्यावर बायका त्यांना पाहून तोंड फिरवायला लागल्या.

नूपुरला ते पटेना. तिनं फेब्रुवारीचे सगळे फॉर्म घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता.

"आई, हे बघ."

फॉर्मवर जागा लिहायला तीन रकाने होते, अंश, मिनिटं, सेकंद. मिनिटाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे सेकंद. पण हातातलं जीपीएसचं यंत्र त्याच मिनिटाचे शंभर भाग करूनही दाखवू शकतं. जुनं यंत्र साठ भागांत दाखवायचं. जानेवारीत खात्यानं नवं दिलं, ते शंभर भागांत दाखवत होतं. शालिकरामनी पडद्यावर जे दिसलं ते इमानदारीनं तिसऱ्या रकान्यात उतरवलं. पन्नास लिहिलं होतं ते शंभरातले पन्नास, म्हणजे अर्धं मिनिट. नूपुरनं ते साठातले पन्नास धरले. एवढ्यानं वाघिणीची प्रत्येक जागा नकाशावर पाचशे-सहाशे मीटर उत्तरेला सरकली. मध्ये नाला होता.

"हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं," मी म्हटलं.

"माझ्या आलं होतं, आई."

तिनं दोन ओळींवर बोट ठेवलं. सहा नोंदी होत्या. त्यातल्या दोनमध्ये तिसऱ्या रकान्यात बहात्तर आणि सत्त्याऐंशी होते. सेकंद साठाच्या वर जातच नाहीत. ते आकडे पाहूनच कळायला हवं होतं, की हे सेकंद नाहीत. तिनं मात्र त्या दोन ओळी 'लिहिताना चूक' अशी खूण करून बाजूला काढल्या आणि उरलेल्या चारांवर नकाशा केला. असं करतातच, ती म्हणाली. शंभर नोंदींत दोन-चार वेड्यावाकड्या निघतात, त्या गाळतात. "फोन करून एकदा विचारायचं होतं. काकांचा फोन रोज येत होता."

मी तिच्याजवळ बसले. पाठीवर हात फिरवला. आणि मग मी जे केलं ते लिहायलाच हवं.

मी म्हटलं, "तुझं नाव कुठं आलंय का?"

"नाही."

"मग स्वतःहून कशाला सांगतेस? त्यांची सरकारी नोकरी आहे. चौकशी होईल, काही निघणार नाही, परत लागतील. तुझं तसं नाही, बाळा. तुला जूनमध्ये कोण ठेवेल? उद्या पेपरात फोटो येईल."

"आई, ते बरोबर लिहून राहिले होते. मी चुकीचं वाचलं."

तिचे वडील, अनंत, ट्रेझरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर फायली पाहिलेला माणूस. ते म्हणाले, "कोणी विचारलं तर खरं सांग. विचारल्याशिवाय लेखी काही देऊ नको." यात तिला वाट होती. मी ती बंद केली. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "विचारलं तरी सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायला लागली. डबा जसाच्या तसा परत आणायची. मी वरणभात गरम करून पुढे ठेवायचे, ती दोन घास खायची. मला वाटायचं, दिवस जातील तसं निवळेल. अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी संध्याकाळी शालिकरामचा फोन आला. नूपुर भाजी धूत होती, हात ओले, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"म्याडम, आज श्वेताची तेरवी झाली."

"हो काका."

"गेलतो मी. पंगतीत बसलो. पत्रावळ वाढली होती. तिचा नवरा आला अन् म्हने, काका, उठा. सगळ्याईसमोर उठवलं. म्या त्याले खांद्यावर खेळवला, म्याडम. तुम्ही तेवढं साहेबाले सांगा ना. मी गेलतो जंगलात म्हणून. चूक झाली असन माही, आकडा चुकला असन. पन घरी बसून नाई लिवलं. एवढंच सांगा."

नूपुरनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काका, तुमचा एकही आकडा चुकला नाही," ती म्हणाली. "मी उद्या सांगते."

तिनं त्याच टेबलावर बसून दोन पानं लिहिली. कुठल्या नोंदी, कुठल्या तारखेच्या, दोन ओळी कोणी गाळल्या. सकाळी मी दारापर्यंत जाऊन तिला डबा दिला. शपथेचं नाव दोघींनीही काढलं नाही.

तिचे वरिष्ठ श्रीधर सर चांगले माणूस. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यंत्र बदललं ते आपल्याला कोणी कळवलं नाही. फॉर्म जुना होता. हे सगळं लिही, पण तुझं नाव मध्ये कशाला?" ती म्हणाली, यंत्राचं आणि फॉर्मचं लिहिलंय, पण त्या दोन ओळी गाळल्या मी. महिन्याभरात शालिकराम कामावर परत रुजू झाले. जूनमध्ये नूपुरचं कंत्राट संपलं आणि नवं आलं नाही. कोणी रागावून काढलं नाही. फक्त यंदा कागद आला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मी भिवटोल्याला जाऊन येते." मी म्हटलं, एकटी जाऊ नको.

बसस्टॉपवर शालिकराम घ्यायला आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. खाकी शर्ट स्वच्छ धुतलेला. त्यांनी मला हात जोडले. रस्त्यात नूपुरला म्हणाले, "काहून येऊन राहिल्या, म्याडम? पत्रानं झालं ना काम." ती म्हणाली, "पत्र साहेबांना होतं, काका."

रुखमाबाई अंगणात बसून चिंचेचे चिचोके काढत होत्या. मांडीवर नातू झोपलेला. नूपुर त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं, रकाने वगैरे काही नाही, सरळ. वाघीण दक्षिणेला होती, काकांनी बरोबर लिहिलं होतं, मी कागदावर उत्तरेला दाखवली.

रुखमाबाईंचे हात थांबले.

"मंग आम्ही आमच्याच झाडाखाली गेलो असतो त?"

"तर काही झालं नसतं, मावशी."

"थे त मी पहिल्या दिसापासून म्हनून राहिली. आपली झाडं सोडू नका म्हटलं." त्यांनी नातवाच्या तोंडावरची माशी उडवली. "त्या दिशी पोराले ताप होता. मी म्हटलं, तू राह्य घरी. थे म्हने, मोह लय पडला असन, एक टोपली आनतो." मग त्यांनी नूपुरकडे पाहिलं. "तुनं सांगतलं. आता मी काय करू त्याचं?"

नूपुरनं मान खाली घातली. शालिकराम कुंपणाकडे तोंड करून उभे होते.

"अन् तुम्ही कोन?" रुखमाबाईंनी मला विचारलं.

"मी तिची आई."

"संग आल्या पोरीच्या. चांगलं केलं."

तिथे सांगता आलं असतं. शालिकराम तीन हातांवर होते. तिनं तिसऱ्याच दिवशी सांगितलं असतं, तुम्हाला त्या पंगतीतून कोणी उठवलं नसतं, मी तिला शपथ घातली, एवढी तीन वाक्यं. माझ्या तोंडून आलं ते हे, की बाळाला अजून ताप येतो का?

नूपुर आता घरीच असते. अर्ज करते. आधीची नोकरी का संपली, या प्रश्नापुढे ती दरवेळी सगळं लिहिते, आणि उत्तरं येत नाहीत. जेवते थोडं. रात्री तिच्या खोलीतला दिवा जळताना दिसतो. मी दारावर टकटक करत नाही.

शालिकराम महिन्यातून एकदा फोन करतात. तिचा लागला नाही तर मला करतात. "ताई, तुमच्या पोरीनं माही इज्जत वाचवली," म्हणतात. "तुमचे संस्कार हायेत ते."

मी "हो" म्हणते, आणि फोन तिच्याकडे नेऊन देते.